घाट इथे नाही

८ जानेवारी, गुरुवार

सकाळी दात घासतेय तोवर पहिली गाडी फाटकाशी. शिरपूरकडची. काच खाली करून माणूस विचारतो, "घाट हाच ना?" माझ्या तोंडात पेस्ट. हातानेच दाखवलं, मागे फिरा, पुलाकडे. तर त्याने फोनच माझ्या नाकापुढे धरला. "पन आठेच दखाडी ऱ्हायना!" दाखवत असेल रे बाबा. माझ्या अंगणात तापी वाहतेय का? चूळ भरून आले आणि नीट समजावलं. मागच्या सीटवर एक म्हातारी, मांडीवर लाल फडक्यातलं गाठोडं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझा आवाज आपोआप खाली आला.

दुपारी आणखी एक गाडी. त्यांनी गाठोडं फाटकाबाहेरच्या निंबाला टांगलं, पाणी प्यायले, रस्ता विचारला, गेले. अस्थी घेऊन निघाल्यावर त्या जमिनीवर टेकवायच्या नाहीत, कुणाच्या घरात न्यायच्या नाहीत. म्हणून आमच्या यांनीच निंबाला ती तार बांधून दिली होती. लोक गाठोडं घेऊन जातात, दोरीचे तुकडे तसेच सोडून जातात. तारेवर नुसत्या दोऱ्याच दोऱ्या झाल्यात. काढायला हव्यात कुणीतरी. मी हात लावणार नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

शेजारची कमल तिळगूळ देऊन गेली. बाकी कुणी आलं नाही, येणारही नव्हतं. शाळेत होते तेव्हा टेबलावर ढीग लागायचा.

यांचा फोन वाजला. त्याचं रिचार्ज मीच मारते. का मारते ते मुलाने, नि.ने, विचारून झालंय, सुरतेहून दर आठवड्याला विचारतो. फोनवर कुणी बाप्या. "दादा शेत का? घाटवर येनं व्हतं." म्हटलं, बाहेर गेलेत. हे श्रावणात गेले. पण फोनवर ते वाक्य तोंडातून निघतच नाही. बाहेर गेलेत, एवढंच निघतं.

सगळी यांची करणी. जन्मभर एस.टी.त कंडक्टर. रिटायर झाल्यावर ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. "आता कुणाला विचारू, कुठे जायचं?" म्हणायचे. नि.ने नवा फोन दिला आणि यांनी मॅपवर पिन टाकली. 'अस्थी विसर्जन घाट, प्रकाशा – मोफत मार्गदर्शन'. खाली स्वतःचा नंबर. फोटोही स्वतःचाच, फाटकात उभे, हात पुढे, जणू आता घंटी मारतील. टाकली ती बसल्या जागेवरून, म्हणजे आमच्या घरावर. फोनवर नाव अर्धंच दिसतं, 'मार्गदर्शन' कुणी वाचतच नाही.

हे होते तोवर काही अडलं नाही. आलेल्या गाडीपुढे स्कूटर घालायचे आणि थेट पायऱ्यांपर्यंत नेऊन सोडायचे. घरी आल्यावर म्हणायचे, "उतरवून आलो."

१९ जानेवारी, सोम.

शहाद्याला डोळे दाखवायला गेले होते. थेंब घातल्यामुळे सगळं धूसर. फाटक उघडताना निंबाला काहीतरी लाल दिसलं. वाटलं डोळ्यांचंच आहे.

नाही. गाठोडं आहे. तारेला नीट बांधलेलं, झेंडूचा हार घातलेला. आसपास कुणी नाही.

कमलला हाक मारली. ती म्हणे, "दुपारले गाडी उनी व्हती ना. एक बाप्या, दोन बाया. हार घाला, हात जोडात, रडनात आन् गयात. माले वाटनं तुमले माहीत शे."

जेवायला गेले असतील. येतील.

२० जाने.

आले नाहीत.

२२ जाने., गुरु.

हार सुकला. गाठोडं तिथेच. सकाळचा चहा मी ओट्यावर घेते, आज आत घेतला. मग स्वतःचाच राग आला. मी आयुष्यभर पोरांना सांगत आले, भूतबित काही नसतं. भूत नाहीच म्हणतेय मी. पण कुणीतरी फाटकात उभं आहे आणि आपण त्याला या म्हणत नाही, तसं होतं दिवसभर.

यांचंही गाठोडं याच तारेवर होतं. तिसऱ्या दिवशी, नि. गाडी फिरवून आणेपर्यंत. तेवढा वेळ मी निंबाखाली उभी होते. तेव्हा भीती वाटली नव्हती.

२५ जाने., रवि.

रिक्षा करून घाटावर गेले, भटजींना विचारलं. कुणाचं तरी राहून गेलंय, तुम्ही विधी करून सोडाल का?

"नाव? गोत्र?"

"माहीत नाही."

"मग संकल्प कुणाच्या नावाने सोडू, बाई? आणि उद्या त्यांचे लोक आले, आमचं माणूस कुठेय म्हणाले, तर काय दाखवाल? नदी?"

बोलणं बरोबर होतं म्हणून जास्तच लागलं. परत येताना रिक्षावाला म्हणाला पोलीस पाटलाला कळवा. म्हणजे पंचनामा, बघे, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. नको. कुणाची तरी आई किंवा बाप आहे तो.

३० जाने., शुक्र.

नि.चा फोन, हसत हसत. "आई, आपल्या घाटाला पाच स्टार मिळाले!"

माझ्या फोनवर काढून दिलं त्याने, असं दाब, तसं दाब. उघडलं. आमचा निंब. आमची तार. लाल गाठोडं, हार अजून ताजा. खाली सुनंदा नावाच्या बाईने लिहिलंय. तसंच उतरवून ठेवते:

"आईला इथे बांधून आलो. खूप शांत जागा आहे. झाडावर आधीच्या लोकांच्या पण दोऱ्या आहेत. आई रोज स्वप्नात येऊन पाणी मागायची. बांधून आल्यापासून येत नाही."

नि. अजून हसत होता. मी फोन ठेवला.

ते परत येणार नाहीत. त्यांचं झालंय. फोनने सांगितलं घाट आला, गाडीतून उतरले तर पाणी नाही, पण झाड आहे, तार आहे, तारेवर दोऱ्या आहेत. विचारायला मी घरात नव्हते. त्यांना वाटलं इथे अशीच रीत असेल, गाठोडं बांधायचं आणि पुढचं घाटवाले बघून घेतील. बिचारी हार घेऊन आली होती. त्या दोऱ्या मी वेळेवर काढल्या असत्या तर... जाऊ दे.

लेकीच्या स्वप्नात ती आता येत नाही म्हणे. मग पाणी कुणाकडे मागते?

३१ जाने.

ओट्याच्या कडेला तांब्याभर पाणी ठेवलं. निवृत्त मुख्याध्यापिका. काय म्हणावं मला.

१ फेब्रु.

तांब्या अर्धा. कमलची मांजर असेल. कमल म्हणते तिची मांजर घरातच होती. कमलचं काही खरं नसतं.

५ फेब्रु., गुरु.

शाळेच्या पेंटरकडून पाटी करून आणली. 'घाट इथे नाही. पुलाकडे जा.' पांढऱ्यावर लाल, ठसठशीत. निंबाला टेकवून ठेवली.

दुपारी आतून बघते तर पाटीच्या डोक्यावरून हात घालून एक माणूस तारेला गाठोडं बांधतोय. धावत गेले. "अहो! वाचता येतं ना?"

"येस ना. पन फोटोमा तं आठेच बांधेल शे." आणि त्याने सुनंदाचा फोटो मला दाखवला. मलाच, माझं झाड. त्याची बायको म्हणाली, "बाई, आम्ही पैसा मांगी ऱ्हायनूत का? बांधू द्या ना. लांबथीन उनूत."

किती समजावलं! शेवटी म्हटलं, ही पाटी माझी, हे झाड माझं, ही तार माझ्या नवऱ्याने बांधलीय, आणि तो नवराही तापीतच गेलाय, झाडावर नाही. तेव्हा कुठे त्यांनी गाठोडं तारेवरून काढलं. मी पुढे रिक्षात, ते मागे गाडीत, असं घाटापर्यंत नेऊन सोडलं. पायऱ्या दिसल्यावर ती बाई माझ्या पाया पडली.

घरी आले आणि रिकाम्या खोलीत तोंडातून निघून गेलं, "उतरवून आले." मग बराच वेळ रडले.

११ फेब्रु., बुध.

सुनंदाच्या मजकुराखाली उत्तर लिहिलं. चारदा खोडलं. शेवटी एवढंच ठेवलं, "ताई, कृपया वरच्या नंबरवर फोन करा. महत्त्वाचं आहे." बाकीचं जगापुढे कसं लिहिणार, की तुमची आई अजून टांगलेली आहे?

नि.ला सगळं सांगितलं. तो चिडला. "आई, पिन काढून टाक, मी कधीपासून सांगतोय. मी पप्पा असताना दोनदा हलवली होती, बरोब्बर पायऱ्यांवर नेऊन ठेवली होती. दोन्ही वेळा पप्पांनी परत घरावर आणली."

म्हणजे चुकून नव्हती टाकली. माहीत असून टाकली होती. लोकांनी आधी आमच्या फाटकात यावं, पाणी प्यावं, आणि मग यांनी विचारावं, कुठे जायचं. अहो, मला सांगितलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं? म्हटलं असतं. नक्की म्हटलं असतं.

नि.ला बजावलं, पिनला हात लावायचा नाही. ती काढली तर सुनंदा कशाच्या आधाराने येणार? तिला आमचं घर माहीत नाही, गल्ली माहीत नाही, मी माहीत नाही. तिला फक्त तो ठिपका माहीत आहे. आणि यांचा फोटो. पिन गेली की तोही गेला. आता आधी सुनंदाचा निंब दिसतो, मग बोटाने सरकवलं की हे.

१६ फेब्रु., सोम.

काल महाशिवरात्र. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. यांचा फोन सारखा वाजत होता. देऊळ कुठे, पार्किंग कुठे, एकाने तर विचारलं भगर कुठे मिळेल. सगळ्यांना सांगितलं. सुनंदाचा नाही आला.

आज वारा सुटलाय. केळीची पानं नुसती फाटतायत. गाठोडं तारेवर हेलकावे खातंय आणि दोरी एका बाजूने उसवलीय. पडलं तर जमिनीवर पडणार. दुपारभर खिडकीतून बघत राहिले. शेवटी स्टूल नेलं. कमल कुंपणातून ओरडते, "बाई, हात नका लावू व माय, सुतक लागी जाईन!" लागू दे.

यांच्या खाकी शर्टाची बाही फाडून नेली होती. डाव्या हाताने खालून आधार दिला, उजव्याने गाठ मारली. मला वाटलं होतं जड असेल. किती हलकं होतं! शाळेत रडणाऱ्या पोरीला उचलावं तर ती एकदम गप्प होते, तसं काहीसं झालं हाताला. मी म्हटलं, "झालं हं बाई, झालं." कुणाला म्हटलं देव जाणे.

आंघोळ केली. आज चहा ओट्यावर घेतला.

२२ फेब्रु., रवि.

आला. सुनंदाचा फोन आला.

"दादा शेत का?"

म्हटलं, बाहेर गेलेत, मी त्यांची बायको. ती नवापूरकडची. नवरा ड्रायव्हर. आवाज कोवळा, पंचविशीतली असेल. म्हणाली, "मावशी, तुम्ही लिखेल दखं. काय महत्त्वानं व्हतं?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच विचारलं, "मन्ही माय तठे बरी शे ना?"

मी म्हटलं, "हो. बरी आहे."

का म्हटलं? बेचाळीस पोरांच्या वर्गात खरं बोला, खरं बोला म्हणून घसा कोरडा केला आणि एका पोरीला खरं सांगता आलं नाही. तिने मग सगळं सांगितलं. आईचं नाव गोजरबाई. शेवटी दवाखान्यात पाणी द्यायला मनाई होती, ती मागत राहिली आणि हिने दिलं नाही. डॉक्टर नको म्हणाले म्हणून दिलं नाही. तेव्हापासून स्वप्नात यायची, तांब्या पुढे करायची. "आते येत नही, मावशी. मी झोपस आते."

पुढच्या रविवारी येणार आहे. गुळाच्या पोळ्या घेऊन, आईला आवडायच्या म्हणून. झाडाखाली ठेवायला.

२५ फेब्रु., बुध.

आता नाव कळलंय. भटजी तयार आहेत. म्हणाले, मुलीच्या हातून झालं तर सगळ्यात चांगलं, नाहीतर तुम्ही आणा.

कमल म्हणते, "गुपचूप सोडी द्या नदीमा. पोरगीले काय सांगानी गरज शे? ती सुखी शे ना!" तिचं खोटं म्हणवत नाही. रविवारच्या आत नेऊन सोडलं, तर सुनंदा येईल, मोकळं झाड बघेल, घाटवाल्यांनी नेलं समजेल, पोळ्या ठेवेल, परत जाईल. तिची झोप शाबूत.

पण पाणी मागत मागत गेलेल्या बाईला पाण्यात कुणी सोडायचं? मी? जिने नाइलाजाने दिलं नाही, तिच्याच हातून द्यायचं राहिलंय ना ते. आणि सांगितलं, की पोरी, तुझी आई इतके दिवस माझ्या झाडावर उन्हात आहे, तर ती परत झोपेल का कधी?

तांब्या रोज भरते. रोज कमी होतो. मांजराला बोलणं सोडून दिलंय.

२८ फेब्रु., शनि.

नि.ने घोळ घातला. मला त्रास होतोय म्हणून, न विचारता. मॅप उघडला तर आमच्या घरावर लाल अक्षरं. 'कायमचे बंद'. बोटाने सरकवलं तर यांचा फोटो, हात पुढे केलेला, आणि खाली कायमचे बंद.

फोनवर त्याला इतकं बोलले की त्याच्या बायकोने फोन घेतला. "आई, तुमच्या काळजीनेच केलं त्यांनी." माहीत आहे गं. पण ते दोन शब्द मला श्रावणात कुणी असे लिहून दाखवले नव्हते. परत कर म्हटलं तर म्हणतो आता मॅपवाल्यांकडून तपासून होईल तेव्हा होईल.

सुनंदाला फोन लावला. बंद. परत लावला, बंद.

१ मार्च, रवि.

सकाळी सडा घातला. निंबाखालीही घातला. पाटी काढून आत ठेवली, मग परत बाहेर ठेवली. तारेवरच्या जुन्या दोऱ्या सगळ्या कापून काढल्या. आता तारेवर फक्त गोजरबाई, आणि खाकी गाठ.

आत्ता यांचा फोन वाजला.

"मावशी, मी पूलना आलीकडे उभी शे. मॅप तं बंद दखाडी ऱ्हायना, रस्ताच दखाडत नही. कठे येऊ?"

मागे लहान पोराचा आवाज, भूक लागलीय म्हणून. ती त्याला म्हणत होती, थांब, आधी आजीले पोया ठेवूत.

मी म्हटलं, "थांब गं, सांगते. पाच मिनिटांनी लाव." आणि वही घेऊन बसले, कारण लिहिलं की मला सुचतं.

पूल उतरला की दोन रस्ते फुटतात. एक खाली घाटावर जातो, एक आमच्याकडे. निंबाकडे ये म्हटलं तर ती येईल, हात जोडेल, पोळ्या ठेवेल, मी हसून पाणी देईन आणि ती झोपेल. घाटावर जा, मी येतेच म्हटलं, तर मला हे गाठोडं मांडीवर घेऊन रिक्षात बसावं लागेल, आणि पायऱ्यांवर तिच्या ओंजळीत देऊन सांगावं लागेल.

हे असते तर काय म्हणाले असते ते मला माहीत आहे. यांना दुसरं काही विचारताच यायचं नाही.

स्टूल निंबाखाली नेऊन ठेवलंय. कमल कुंपणाशी उभी आहे. तांब्या भरलेला आहे.

फोन परत वाजतोय. उचलते, दोन्ही रस्ते सांगते आणि तिलाच विचारते, कुठे जायचं.